तीनशे बारा मळकट कार्डं

कांबळेबाईंनी वर्तमानपत्राचं कात्रण माझ्या ओल्या प्रुफावर ठेवलं आणि विचारलं, "हे शोधून काढलं तो माणूस कोण?"

"मीच," मी म्हणालो. वर मनातल्या मनात खूशही झालो. कुणीतरी शाबासकी द्यायला आलंय असं वाटलं. इतकी वर्षं झाली, पण ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

बाई तिशीच्या आतल्या होत्या. साधं पातळ, खांद्याला कापडी पिशवी, चपलांवर प्रवासाची धूळ. बसा म्हणालो तर बसल्या नाहीत.

"मी कमल कांबळे. तुम्ही बोगस म्हणून छापलंय ती मीच."

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हाची ही गोष्ट. सांगलीतल्या एका साप्ताहिकात मी मुद्रितशोधक होतो. म्हणजे प्रूफरीडर. कंपोझिटर शिशाचे खिळे एकेक करून जुळवतो, त्यावर शाई फिरवून कच्चा छाप काढतो, त्याला प्रूफ म्हणतात. ते वाचून चुका काढायच्या, हे माझं काम. सगळं बरोबर झालं की कोपऱ्यात मी 'छापा' असं लिहून सही करायची. त्या सहीशिवाय पान मशीनवर चढत नसे. पगार बेताचा, पण ही सही म्हणजे आपण कुणीतरी आहोत असं वाटायला पुरेशी होती.

त्या वर्षी आमच्या मालक-संपादकांच्या, म्हणजे अण्णांच्या, डोक्यात एक स्पर्धा आली. 'पाच दशकांतलं लाडकं गाणं.' एकेका दशकातली दहा, अशी पन्नास गाणी अंकात नंबर घालून छापली. वाचकानं पोस्टकार्डावर आपल्या आवडीच्या गाण्याचा नंबर लिहायचा, खाली नाव, गाव आणि सही. एका माणसाचं एक कार्ड. ज्या गाण्याला जास्त मतं ते पहिलं.

लोक अक्षरशः पिसाळले. पेठेतल्या चहाच्या दुकानात म्हातारे आणि कॉलेजची पोरं एकमेकांच्या अंगावर जायची. "तुमच्या काळात गाणी होती का रडगाणी," असं कुणी म्हणायचं आणि कपबश्या तिथंच राहायच्या. मिरजेहून, वाळव्याहून, पार पाचगणीच्या हॉटेलातल्या कामगारांकडून कार्डं आली. पोस्टमन आमच्या दारात थैली टाकताना तोंड वाकडं करायला लागला.

छाननी अण्णांनी माझ्याकडे दिली. कारण अक्षर ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. रोज पन्नास लोकांची हस्तलिखितं वाचायची म्हटल्यावर तेवढं येतंच. नाव झाकून कागद दाखवा, मी कुणाचा ते सांगायचो. कुणी डावऱ्या हातानं लिहून फसवायला बघितलं तरी सांगायचो. प्रेसमध्ये माझी यावरून चेष्टाही व्हायची आणि मला ती आवडायची.

दोन महिन्यांत मी हजारांवर कार्डं बघितली. त्यात एक गठ्ठा मला सापडला. तीनशे बारा कार्डं, सगळी आटपाडीकडच्या टपालातली, सगळी बायकांच्या नावानं आणि सगळ्यांचं मत अकरा नंबरच्या गाण्याला. अक्षर एकाच माणसाचं. गोल, सरळ, शाळेत फळ्यावर असतं तसं. सहीच्या जागी बहुतेक कार्डांवर जांभळट शाईचा डाग पडलेला. मी तो गठ्ठा बांधला आणि वर चिठ्ठी लावली: 'एकाच हाताची. मळकट. बाद.'

अण्णांनी गठ्ठा बघितला आणि मांडीवर थाप मारली. "लोहार, बातमी आहे ही."

आटपाडीत त्यांचे एक ओळखीचे गृहस्थ होते. त्यांच्याकडे एक कार्ड धाडलं, त्यांनी लगेच अक्षर ओळखलं. अण्णा मला म्हणाले, "कांबळे नावाची मास्तरीण आहे. बायकांची पत्रंबित्रं लिहून देते म्हणे. सवयच आहे तिला."

बायकांची पत्रं लिहून देते. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि मान डोलावली. तिथं थांबायला हवं होतं. माझी आई निरक्षर होती. मामाला पत्र धाडायचं म्हटलं की आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांच्या पायरीवर जाऊन बसायची. अशा आईच्या पोटी जन्मलो मी, आणि मान डोलावून पुढचं प्रूफ ओढून घेतलं.

पहिल्या पानावर चौकटीत छापून आलं: 'बोगस मतदान उघडकीस. आटपाडी भागातील शिक्षिका श्रीमती कांबळे यांच्या एकाच हस्ताक्षरातील तीनशे बारा मळकट कार्डे बाद.' खाली माझ्या चाणाक्ष नजरेचं कौतुक. त्याचं प्रूफ मीच वाचलं. एकही चूक काढली नाही.

तेच कात्रण आता माझ्या टेबलावर होतं.

"कार्डं आहेत का अजून?" बाईंनी विचारलं.

होती. रद्दीत जायची होती, पण गेली नव्हती. मी गठ्ठा आणून दोरी सोडली. बाईंनी वरचं कार्ड उचललं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"डाग आहे. शाई सांडली असेल."

"तीनशे बारा वेळा त्याच जागी सांडली?"

टेबलाच्या खणात माझं भिंग असायचं, बारीक टाइप तपासायला. ते काढून डागावर धरलं. रेघा दिसल्या. गोल गोल, एकात एक, मध्ये कापल्याचा पांढरा व्रण. दुसरं कार्ड घेतलं. त्यावरच्या रेघा वेगळ्या. तिसऱ्यावर कडेचा भाग झिजून गुळगुळीत झालेला. दहा-बारा कार्डं बघून मी भिंग खाली ठेवलं.

छापखान्यात कागदावर अंगठा म्हणजे गुन्हा. मशीनमनचा शाईचा अंगठा पानावर उमटला की ते पान रद्दीत जातं. तेरा वर्षं मी असले ठसे लाल पेन्सिलीनं गोल करून बाजूला टाकत आलो होतो. अंगठा दिसला की माझा डोळा तो घाण म्हणूनच वाचायचा. सही म्हणून वाचायचं त्याला सुचलंच नाही. ही सबब नाही. असं घडलं एवढंच सांगतोय.

"आमच्या चार वाड्यांत घरटी एक माणूस फौजेत आहे," बाई सांगायला लागल्या. आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द मोजून टाकत होत्या. "त्यांच्या बायकांची पत्रं मी लिहिते, आलेली वाचून दाखवते. तुमची स्पर्धा मी शाळेत अंक आणला तेव्हा त्यांना वाचून दाखवली. अकरा नंबर ऐकल्यावर त्याच म्हणाल्या, आमचं मत घाला. जिनं तिनं आपलं कार्ड आणलं. पाच रविवार मी ओसरीवर बसून लिहीत होते. तुमच्या नियमात सही पाहिजे होती. त्यांना सही येत नाही. मनिऑर्डरीला अंगठा चालतो, सोसायटीत चालतो, मतदानाच्या केंद्रावर चालतो. म्हटलं गाण्यालाही चालेल. शाळेचं स्टॅम्पपॅड घेतलं."

अकरा नंबरचं गाणं म्हणजे 'तार नको, पत्र धाड.' मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली जुनी रेकॉर्ड. लढाईवर गेलेल्या नवऱ्याला बायको सांगते, पत्र उशिरा आलं तरी चालेल, पण तार नको. तार म्हणजे माणूस गेल्याची बातमी, हे आमच्या भागात पोराटोरांना ठाऊक असायचं. गाणारी बाई कधीच वारली होती, पण लग्नात, जत्रेत कर्ण्यावर ते गाणं वाजल्याशिवाय पुढचं वाजत नसे.

मग बाईंनी पिशवीतून एक सरकारी कागद काढला. शिक्षण कार्यालयाचं पत्र. 'सदर वृत्ताबाबत आठ दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा सेवा समाप्तीबाबत विचार करण्यात येईल.'

"मी अजून कायम झालेली नाही," त्या म्हणाल्या. "पाटलांच्या, देशमुखांच्या सुना माझ्या ओसरीवर येऊन बसतात, माझ्या घरचा चहा पितात, हे गावात दोघा-तिघांना पहिल्यापासून खुपतंय. त्यांच्यातलाच एक तुमच्या मालकांचा ओळखीचा. त्यांना कात्रण आयतं मिळालं. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. आणि तुम्ही मला खोटारडी ठरवलंत. मला विचारायला एक कार्ड टाकता आलं नाही तुम्हाला?"

मी कार्डं गोळा करून गठ्ठा परत बांधायला लागलो.

"पहिलं आलं त्या गाण्याची कार्डं दाखवा," त्या म्हणाल्या.

पहिलं आलं होतं सत्तेचाळीस नंबरचं. एका ताज्या चित्रपटातलं. तो चित्रपट आमच्याच गावच्या एका टॉकीजमध्ये चालू होता. पाचशे अकरा मतं. मी गठ्ठे पुढं केले आणि म्हणालो, "ही चोख आहेत. प्रत्येक अक्षर वेगळं आहे."

बाईंनी पंधरा-वीस कार्डं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. वह्या तपासणाऱ्या बाईची नजर ती. "नावं वेगवेगळ्यांनी लिहिलीत," त्या म्हणाल्या. "आकडा मात्र एकानंच लिहिलाय. सगळ्या सातांना खाली एकच शेपूट. आणि सगळ्यांची पेन्सिल एक."

पेन्सिल जांभळी होती. थुंकी लावली की शाईसारखी उमटते ती. मी ती ओळखत होतो, सगळी सांगली ओळखत होती. टॉकीजच्या बुकिंगच्या खिडकीत दोरीला बांधलेली असायची. तिनं तिकिटावर खुर्चीचा नंबर टाकत.

मी नावं तपासत बसलो होतो. आकडा कुणी लिहिला हे बघितलंच नव्हतं. उरलेली कार्डं चाळली, तर बहुतेकांवर तीच पेन्सिल. माझी स्वतःची कसोटी लावली असती तर चारशेच्या वर कार्डं बाद व्हायला हवी होती, आणि ती पास करून मी अंगठे बाद केले होते.

बाईंना थांबायला सांगून मी तसाच टॉकीजवर गेलो. दुपारच्या खेळाची खिडकी उघडली होती. बुकिंगवाल्याला विचारलं, तर त्यानं काही लपवलं नाही.

"मालकांनीच सांगितलं हुतं. कार्ड भरा, मग तिकीट. आकडा आमी आधीच टाकून ठेवला हुता. पब्लिकला तरास नको म्हनून."

"आणि कुणाला दुसरं गाणं आवडत असलं तर?"

तो माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघायला लागला. "तिकीट पायजे हुतं न्हवं त्यास्नी?"

प्रेसवर परतलो तो थेट अण्णांच्या खोलीत. दोन कार्डं टेबलावर टाकली. एक अंगठ्याचं, एक जांभळ्या पेन्सिलीचं. सगळं सांगितलं. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं, पानाची गुळणी गिळली आणि म्हणाले, "बरं मग?"

"मग दुरुस्ती छापायची. पहिल्या पानावर. चौकटीत."

"आणि निकाल?"

"तोही फिरवायचा. अंगठ्यांची मतं धरली तर अकरा नंबरला पाचशे अठ्ठ्याहत्तर होतात. पेन्सिलीची धरली तरी ते पहिलं आहे."

"लोहार, रविवारी टॉकीजवर सत्कार आहे. संगीतकार येणार आहे. निमंत्रणं वाटून झालीत. शेवटच्या पानावर टॉकीजच्या शेटची जाहिरात दोन वर्षं चालू आहे. ठाऊक आहे का तुला?"

"ती बाई नोकरीवरून जाईल."

"तिनं खुलासा करावा. तेवढ्यासाठीच विचारलंय तिला." मग जरा समजावणीच्या सुरात म्हणाले, "गाण्याची स्पर्धा आहे रे. झेडपीचं इलेक्शन नव्हे. शेटची माणसं खरी, त्यांच्या सह्या खऱ्या. तूच पास केल्यास. आणि अंगठा उठवणारा माणूस रसिक होय?"

माझं डोकं तिथंच फिरलं. माझी आई जात्यावर ओव्या म्हणायला लागली की गल्लीतल्या बायका काम टाकून दारात उभ्या राहायच्या. तिला ग म भ न येत नव्हतं. अण्णांना हे ऐकवायला तोंड उघडलं, पण शब्द काही निघेनात. मी चिडलो की असंच होतं. उलटून बोलायला हवं तेव्हा माझी वाचा बसते. मी बाहेर आलो.

बाई उभ्याच होत्या. "छापणार नाहीत," मी सांगितलं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या आणि पिशवी खांद्याला लावली. "पाचची गाडी आहे माझी."

"बाई, आठ दिवस कधी संपतात?"

"येत्या सोमवारी."

आमचा अंक शुक्रवारी निघायचा. त्यात तिसऱ्या पानाच्या तळाशी 'चूकभूल' नावाचा चार बोटं जागेचा कोपरा असायचा. मागच्या अंकात छपाईच्या काय चुका राहिल्या, ते मुद्रितशोधकानं तिथं कबूल करायचं. कुणाच्या नावाची वेलांटी चुकली, कुठं तारीख उलटी पडली. तो मजकूर मीच लिहायचो, मीच तपासायचो, मीच पास करायचो. अण्णा पहिलं पान वाचत आणि शेवटचं वाचत. मधल्या पानांसाठी माझ्यावर भरवसा होता त्यांचा.

गुरुवारी सकाळी मी मजकूर लिहून दादूकडे दिला. दादू आमचा सगळ्यात जुना कंपोझिटर. खिळे जुळवता जुळवता वाचायची त्याला सवय होती. अर्ध्यावर त्याचे हात थांबले.

"लोहार, ह्ये अण्णांनी बघितलंय?"

"बघतील."

"कवा?"

"छापल्यावर."

दादूनं चष्मा कपाळावर सारला. "गड्या, पोरंबाळं हायत तुला."

"मला ठाऊक आहे."

"न्हाई, म्हनलं आठवन करावी." त्यानं परत वाचलं. मग खिळ्यांच्या पेटीकडे वळला आणि म्हणाला, "ह्येला बारीक टाइप नगं. ठळक लावतो. लावायचं तर दिसू तरी दे."

मजकूर असा होता: 'मागील अंकात पान १ वर श्रीमती कांबळे यांच्याविषयी बोगस असे छापले. ते चूक आहे. तीनशे बारा मते तीनशे बारा स्त्रियांची आहेत. श्रीमती कांबळे यांनी ती त्यांच्या सांगण्यावरून लिहिली. प्रत्येक कार्डावर त्या त्या स्त्रीचा अंगठा आहे. मुद्रितशोधकाने तो डाग समजला. मळकट हा शब्दही चूक आहे. ही मते धरल्यास अकरा क्रमांकाचे गाणे पहिले येते.' खाली माझं पूर्ण नाव. मी प्रूफ वाचलं आणि कोपऱ्यात 'छापा' लिहून सही केली.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला टॉकीजच्या शेटनं अण्णांना अंक दाखवला. साडेदहाला मला आत बोलावणं आलं. अण्णा काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. मीठ खाऊन उलटलास, हे तीनदा म्हणाले. मीही या वेळी गप्प बसलो नाही. "माझी चूक होती, माझ्या कोपऱ्यात लिहिली. तुमची तुम्ही लिहा," एवढं म्हणालो आणि भिंग, टोपी घेऊन बाहेर पडलो. परत त्या दारात पाऊल टाकलं नाही.

त्या अंकाच्या दोन प्रती मी आधीच धाडल्या होत्या. एक बाईंना शाळेच्या पत्त्यावर, एक शिक्षण कार्यालयात, रजिस्टर्ड.

सत्कार ठरल्यासारखा झाला. हार पडले, भाषणं झाली, सत्तेचाळीस नंबरचं गाणं दोनदा वाजलं. टॉकीज भरली होती म्हणतात. चूकभूल कुणी वाचली असली तरी टाळ्यांत फरक पडला नाही.

पुढच्या आठवड्यात मला एक पोस्टकार्ड आलं. अक्षर बघताच ओळखलं. गोल, सरळ.

'आपली दुरुस्ती खुलाशाला जोडली. खुलासा मान्य झाला. नोकरी राहिली. परंतु ज्यांना आपण मळकट म्हणालात त्यांना वाचता येत नाही. मागची बातमी गावातल्या एकाने त्यांना चावडीवर मोठ्याने वाचून दाखवली होती. दुरुस्ती वाचून दाखवायला तो तयार नाही. मी वाचणार नाही. माझ्या हातचे लिखाण बोगस ठरले, माझ्या तोंडचे वाचन खरे कोण मानेल? रविवारी या आणि आपण स्वतः वाचा.'

आभाराचा एक शब्द नव्हता. पहिल्यांदा मला रागच आला. नोकरी घालवून बसलो होतो, त्याचं काही नाही? दिवसभर धुमसलो. संध्याकाळी कार्ड परत वाचलं तेव्हा कळलं, की बाई माझ्याकडून उपकार घ्यायला तयार नव्हत्या. जे मी मोडलं होतं ते उचलून ठेवायला सांगत होत्या. त्यात उपकार कसला?

रविवारी विट्यावरून आटपाडी, तिथून पुढं पायी. कुसळांचा माळ, मध्येच एखादं बाभळीचं झाड. शाळेच्या पटांगणात बायका बसल्या होत्या. शंभरच्या वर असतील. पोरं काखेत, पदर डोक्यावर. बाई एका बाजूला भिंतीला टेकून उभ्या. त्यांनी माझी ओळख करून दिली ती एवढीच: "ह्यांनी ते लिहिलं होतं. आता हे वाचतील."

मी वाचलं. चार बोटांचा मजकूर, वाचायला किती वेळ लागणार? वाचून झाल्यावर मी अंकाची घडी घालायला लागलो, तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. बायजाआजी. हिचा नवरा मोठ्या लढाईत गेला होता, तार आली होती, हे बाईंनी मला नंतर सांगितलं.

"आवं सायेब, आमास्नी मळकट म्हनला हुतासा न्हवं?"

"हो, आजी. चूक झाली."

"अंगठ्याला शाई लावल्यावर मळनारच की." काही बायका हसल्या. म्हातारी हसली नाही. "बरं, मग आमचं गानं कितवं आलं?"

"तुमची मतं धरली असती तर पहिलं आलं असतं."

"पैलं हाय त्ये आमास्नी ठावं हाय. तुमच्या पेपरात कितवं आलं, त्ये इचारतीया."

खोटं बोलता आलं असतं. कुणी अंक आणून पडताळणार नव्हतं. "चौथं," मी म्हणालो.

"म्हंजी आमची मतं न्हाईच धरली."

"नाही धरली."

"मंग ह्ये काय वाचलंसा?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी हातातल्या अंकाकडे बघितलं. दादूनं लावलेला ठळक टाइप, खाली माझं नाव, सगळं शुद्ध. म्हातारीनं थोडा वेळ वाट बघितली आणि पदर सावरून खाली बसली.

मला एसटीपर्यंत सोडायला बाई आल्या. वाटेत फारसं बोलल्या नाहीत. गाडी दिसल्यावर म्हणाल्या, "आलात ते बरं झालं." तेवढंच.

पुढं मी साताऱ्याच्या एका छापखान्यात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. कितीतरी लेखकांच्या, पुढाऱ्यांच्या चुका काढल्या, कितीतरी चूकभुली लिहिल्या. कागदावर अंगठा दिसला की आधी भिंग काढायची सवय लागली. पण त्याहून कामाची गोष्ट बायजाआजीकडून शिकलो. छापलेली चूक पुढच्या अंकात छापून टाकली की दुरुस्त झाली, असं आमच्या धंद्यात मानतात. चूक तशीच राहते. फक्त ती कुणी केली ते लोकांना कळतं.